उसन्या टर्बाइनवरचा सूर्य

फ्लोरिडात इंडियनटाउनजवळ फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या कंपनीचं गॅसवर चालणारं मोठं वीजकेंद्र आहे. 2010 मध्ये कंपनीने त्याच्या शेजारी सुमारे 500 एकरांवर 1,90,000 च्या आसपास आरसे उभे केले. वीज बनवणं त्या आरशांचं काम नव्हतंच. त्यांनी फक्त उष्णता गोळा करायची, तिची वाफ करायची आणि ती शेजारच्या जुन्या टर्बाइनच्या हवाली करायची.

आधुनिक गॅस केंद्रात इंधन एकदाच जळतं, पण वीज दोनदा मिळते. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारे वायू 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असतात. ते धुराड्यात सोडण्याआधी बॉयलरच्या नळ्यांवरून नेतात आणि तयार झालेल्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवतात. म्हणजे टर्बाइन, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, ग्रिडची लाइन, पाळीवर येणारी माणसं, असा सगळा संसार तिथे आधीच थाटलेला असतो. सूर्याच्या उष्णतेवर नवं केंद्र काढायचं तर हे सगळं नव्याने घ्यावं लागतं, आणि सूर्य मावळला की ते रिकामं बसतं.

आरसे असतात ते पावसाळ्यात छपराच्या कडेला लावलेल्या पन्हळीसारखे, फक्त कित्येक मीटर रुंद आणि तोंड सूर्याकडे. दिवसभर ते सूर्यामागे वळत राहतात. मधोमध साधारण 70 मिलिमीटर व्यासाची काळी पोलादी नळी, तिच्यावर काचेची नळी, दोन्हींच्या मधे निर्वात पोकळी. आतून कृत्रिम तेल वाहतं. ते 390 अंशांपर्यंत तापवतात. 400 च्या पुढे गेलं की त्याचं विघटन होऊ लागतं.

या जोडणीतली खरी हुशारी इथेच आहे. पाणी उकळताना त्याचं तापमान वाढत नाही, पण उष्णता मात्र अफाट खर्च होते. तेवढं काम 390 अंशांचं तेल सहज करतं. पुढे त्या वाफेला आणखी तापवायला टर्बाइनमधून येणारे वायू आहेतच. शिवाय भर उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ झाली की गॅस टर्बाइन मलूल होतं, आणि नेमकी तेव्हाच आरशांवर सर्वाधिक उष्णता पडत असते. कागदावर याहून चांगली जोडी जमणं कठीण.

मग घोडं कुठे अडलं? आकड्यांत. सौर भागाची क्षमता 75 मेगावॉट, ज्या युनिटला तो जोडला ते सुमारे 1,150 मेगावॉटचं. वर्षाला अपेक्षित होती 1,55,000 मेगावॉट-तास वीज. वर्षभराच्या तासांनी भागलं तर सरासरी 18 मेगावॉटसुद्धा भरत नाही. त्यातही या 75 मेगावॉटने केंद्राची क्षमता वाढली नाही. ऊन असेल तेव्हा तेवढा गॅस वाचला, एवढंच. आणि फ्लोरिडाची हवा दमट. आरसे सरळ येणारे किरणच एकवटू शकतात, ढगातून विखुरलेला उजेड त्यांच्या उपयोगाचा नाही. अशी योजना वाळवंटातच शोभते, असं माझं मत. अल्जीरियात हासी रमेल इथे 2011 पासून असं केंद्र आहे. पायाखाली गॅस, डोक्यावर सहारातलं ऊन! पण तिथेही एकूण 150 मेगावॉटमध्ये सूर्याचा वाटा 25 च्या आसपासच.

हा वाटा मनात येईल तसा वाढवता येत नाही. वाफेचं टर्बाइन ठरावीक वाफेसाठीच बांधलेलं असतं. ते मोठं घेतलं तर रात्री अर्ध्या भारावर रखडत चालतं आणि गॅसची कार्यक्षमता घसरते. सिसिलीत प्रिओलो गारगालो इथे एनेल कंपनीने 2010 मध्ये जुन्या गॅस केंद्राला सौर उष्णता जोडताना तेलाऐवजी वितळलेले क्षार वापरले. ते 550 अंशांपर्यंत तापतात आणि टाकीत भरून रात्रीही वापरता येतात. अडचण एवढीच, की 240 अंशांच्या खाली ते नळीतच गोठू लागतात, म्हणून ऊन नसतानाही नळ्या गरम ठेवाव्या लागतात. तो प्रयोग जेमतेम 5 मेगावॉटचा होता.

फ्लोरिडातलं बांधकाम सुरू झालं त्या 2008 साली अमेरिकेत गॅसचा घाऊक भाव उन्हाळ्यात दर दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं एकक) 12 डॉलरच्या वर गेला होता. 2012 च्या एप्रिलमध्ये तो 2 डॉलरच्या खाली आला. त्याच काळात सौर पॅनेलही झपाट्याने स्वस्त झाले, आणि त्यांना तेल, पंप, वाफ यातलं काहीच लागत नाही. विखुरलेल्या उजेडातही ते वीज देतात. कंपनीने पुढची सौरवीज पॅनेलवरच उभारली, आणि आरशांचा हा प्रकल्प 2023 मध्ये मोडीत काढायचं आपल्या आराखड्यात लिहून टाकलं.