व्हर्नाच्चा: सान जिमिन्यानोची की ओरिस्तानोची?

इटलीची 'व्हर्नाच्चा' ही पांढरी वाइन घेताना आधी लेबलवरचं गाव वाचा. सान जिमिन्यानो असेल तर ती टस्कनीतली, ओरिस्तानो असेल तर सार्डिनिया बेटावरची. द्राक्षांचं नाव एकच असलं तरी वाण निराळे आहेत, त्यांचं आपसात नातं नाही.

घोळ नावाचाच आहे. लॅटिनमध्ये 'व्हर्नाक्युलुस' म्हणजे स्थानिक, आणि हे नाव त्यावरून आलं असावं असं बरेच जण मानतात. आपण 'गावठी' म्हणतो तसंच. कोकणातली गावठी कोंबडी आणि विदर्भातली गावठी कोंबडी एकाच जातीची असेलच असं थोडंच आहे? मार्के प्रांतातल्या सेर्रापेत्रोनाची व्हर्नाच्चा तर चक्क काळी, तिची फसफसणारी लाल वाइन होते.

सान जिमिन्यानो हे उंच दगडी मनोऱ्यांचं गाव. तिथल्या जकातीच्या नोंदींत ही वाइन १२७६ साली आढळते. १९६६मध्ये इटलीने मूळ प्रदेशाची हमी देणारा 'डीओसी' दर्जा द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो पहिल्याच खेपेत हिला मिळाला; १९९३मध्ये त्याहून वरचा 'डीओसीजी'. वाइन कोरडी, फिकट पिवळी, घोट गिळल्यावर जिभेवर बदामाचा किंचित कडवटपणा. बहुतेक ताजी असतानाच पितात.

मला खरी ओढ ओरिस्तानोच्या वाइनची आहे. एरवी वाइनला हवा लागू नये म्हणून जिवाचं रान करतात, पण तिरसो नदीच्या खोऱ्यातले हे लोक पिंपं मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात. त्या मोकळ्या जागेत वाइनवर यीस्टची साय धरते. सायीखाली निदान दोन वर्षं मुरत मुरत तिचा रंग सोनेरी-तांबूस होतो आणि वास अक्रोड-बदामाचा. स्पेनच्या शेरीतही अशी साय असते, मात्र शेरीत वरून स्पिरिट घालतात. इथे ते न घालताही अल्कोहोल १५ टक्क्यांच्या पुढे जातं, कारण द्राक्षं उन्हात भरपूर गोड होतात. हिला 'डीओसी' १९७१मध्ये मिळाला.

सान जिमिन्यानोची चव मनात धरून ही बाटली उघडलीत, तर पहिल्याच वासाला वाइन बिघडली असं वाटेल. ओतून देऊ नका, तो तिचा स्वतःचा वास आहे. ओरिस्तानोजवळच्या काब्रासमध्ये बोईट माशाची गाबोळी खारवून वाळवतात. तिच्या पातळ चकत्यांबरोबर एक घोट घेऊन बघा.