टीव्ही ज्याला ‘अज्ञात’ म्हणतो ती अहिराणी

धुळ्याला आत्याकडे जाताना एक पेनड्राइव्ह बरोबर नेला होता. त्यात आजीच्या ओव्यांचा व्हिडिओ आणि त्याला दोन ऑडिओ ट्रॅक: एकावर आजीची अहिराणी, दुसऱ्यावर मुंबईतल्या भाचरांना कळावं म्हणून मी मराठीत सांगितलेला अर्थ. टीव्हीला लावून ऑडिओचा पर्याय उघडला, तर दोनच ओळी दिसल्या. ‘मराठी’ आणि ‘अज्ञात’.

आतेभावाने लगेच निकाल दिला. “मराठीला अभिजात दर्जा मिळाला ना, म्हणून ती येते. अहिराणीला सरकारने काही दिलंच नाही, मग टीव्ही कशाला ओळखेल?”

हा समज बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांचाही आहे, म्हणून हा लेख. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्याने संगणकातल्या मराठीत एका अक्षराचाही फरक पडला नाही. संगणकाला भाषा कळते ती कोडने. मराठीचा दोन अक्षरी कोड एम-आर, तीन अक्षरी एम-ए-आर. आणि अहिराणीलाही कोड आहे: ए-एच-आर. तो आयएसओ ६३९-३ या २००७ च्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, जिच्यात साडेसात हजारांहून जास्त भाषा आहेत. वऱ्हाडी-नागपुरी, कोरकू, कातकरी, एवढंच काय, बुलढाण्याकडची मूठभर लोकांची निहालीसुद्धा तिथे आहे. (अहिराणी आणि खानदेशी यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. त्यावर धुळे-जळगावात जे भांडण होईल त्यात मी पडणार नाही.) ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, नासाने मान्य केलं’ हा फॉरवर्ड ज्यांना दर महिन्याला येतो त्यांच्यासाठी: संस्कृतचा कोड एस-ए. मराठीइतकीच, दोन अक्षरांची जागा. मशीनला त्यात कसलंही पावित्र्य दिसत नाही.

मग कोड असूनही टीव्ही ‘अज्ञात’ का म्हणाला? त्यासाठी आधी तो कोड फाइलमध्ये कुठे बसतो ते पाहू. हा माझा आवडता भाग आहे, थोडा धीर धरा.

एमपी-फोर फाइलमध्ये प्रत्येक ट्रॅकच्या माहितीत भाषेसाठी दोन बाइट, म्हणजे सोळा बिट ठेवलेले असतात (एक बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). एक अक्षर साठवायला एरवी एक बाइट लागतो, मग दोन बाइटांत तीन अक्षरं कशी मावली? युक्ती साधी आहे. इंग्रजी अक्षरं २६, आणि पाच बिटांत ३२ आकडे मावतात. म्हणून ‘ए’ला १, ‘बी’ला २ असं ‘झेड’ला २६ पर्यंत मोजायचं आणि प्रत्येक अक्षराला पाच बिट द्यायचे. तीन पाचे पंधरा, उरलेला एक बिट शून्य.

मराठीचं करून पाहू. एम तेरावं अक्षर: ०११०१. ए पहिलं: ००००१. आर अठरावं: १००१०. पुढे एक शून्य लावून सगळं सलग लिहायचं: ००११०१००००११००१०. हे आठ-आठचे दोन गट करून सोळाच्या पायात (दहाऐवजी सोळाने मोजायच्या पद्धतीत) वाचलं तर ३४ आणि ३२ येतात. आता गंमत. संगणकाच्या मजकुरात ३४ म्हणजे ‘४’ हा आकडा आणि ३२ म्हणजे ‘२’, म्हणून फाइल कच्च्या स्वरूपात उघडली की हे दोन बाइट मजकूर म्हणून इंग्रजी आकड्यांत ‘४२’ असे दिसतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चुकून कुठला तरी नंबर शिरलाय असं वाटून खोडणार होतो. ती मराठी होती!

अहिराणीच्या ट्रॅकमध्ये याच पद्धतीने ०५ आणि १२ होते, मी तपासून पाहिलं. म्हणजे फाइल बरोबर होती. टीव्हीने तीन अक्षरं नीट सोडवली, आपल्या पोटातली यादी चाळली, तिथे ए-एच-आर सापडलं नाही आणि त्याने प्रामाणिकपणे ‘अज्ञात’ लिहिलं. त्याच्यापाशी जुनी, काहीशे भाषांची तीन अक्षरी यादी असणार, जी १९९८ मध्ये प्रमाण म्हणून आली. अहिराणी त्या यादीत नाही.

मोठी यादी टीव्हीत मावत नाही म्हणून असं होतं का? बिलकुल नाही. तीन अक्षरांच्या सगळ्या शक्य जोड्या २६ × २६ × २६, म्हणजे १७,५७६. प्रत्येक जोडीला एक बिट द्या: कोड अस्तित्वात असेल तर एक, नसेल तर शून्य. आठाने भागा, २,१९७ बाइट. जगातल्या सगळ्या भाषांची हजेरी सव्वादोन किलोबाइटच्याही आत. शोधायलाही यादी चाळायला नको. अक्षरं शून्यापासून मोजली तर एम १२, ए ०, आर १७; १२ × ६७६ + ० × २६ + १७ = ८,१२९. त्या क्रमांकाचा बिट थेट बघायचा. एखाद्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरलाही (खेळण्यात असते तसल्या छोट्या चिपलाही) हे जड नाही. जड होतात ती नावं, कारण ‘अहिराणी’ हे नाव मराठी, हिंदी, जपानी अशा प्रत्येक मेनूसाठी वेगळं लिहावं लागतं. आठ हजार भाषा गुणिले शंभर मेनू.

आता ही यादी टीव्हीपर्यंत पोचते कशी? वेब आणि फोन ज्या यादीवर चालतात ती मूळ नोंदवही आयएएनए ही इंटरनेटवरचे कोड आणि क्रमांक नोंदवणारी संस्था सांभाळते. दिसायला साधी मजकुराची फाइल: पहिल्या ओळीत फाइलची तारीख, मग नोंदी, दोन नोंदींमध्ये टक्क्याची खूण दोनदा (%%). मराठीच्या नोंदीत तारीख आहे १६ ऑक्टोबर २००५, आणि एक ओळ सांगते की लिपी देवनागरी असेल तर वेगळी लिहू नका, ते गृहीतच आहे. मोडीत मजकूर असेल तर मात्र कोडला ‘मोडी’ जोडायचं. इथून माहिती युनिकोड या संगणकातल्या लिप्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेच्या सीएलडीआर या संग्रहात जाते, तिथे भाषांची नावं भाषांतरित होतात, तो संग्रह फोनच्या प्रणालीत जातो, आणि प्रणाली अपडेट झाली की आपल्या हातात. लिनक्सवाल्यांना ‘आयएसओ-कोड्स’ नावाचं पॅकेज मिळतं. टीव्हीची कंपनी मात्र कारखान्यात एकदा यादी भरते आणि पुढचं मॉडेल विकायला लागते.

मग प्रत्येक यंत्राने रोज मूळ फाइलच का आणू नये? हा प्रयोग नकळत झालेला आहे. डब्ल्यू-थ्री-सी या वेबच्या प्रमाणसंस्थेकडे अशाच काही फाइली होत्या, वर्षानुवर्षं न बदललेल्या. जगभरची सॉफ्टवेअरं प्रत्येक पान वाचताना त्या पुन्हापुन्हा मागत. २००८ मध्ये संस्थेने जाहीर सांगितलं की दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येतात. न बदललेल्या फाइलीसाठी! म्हणून शहाणं यंत्र आधी विचारतं, “माझ्याकडे अमुक तारखेची प्रत आहे, काही बदललंय का?” सर्व्हर ३०४ हा आकडा परत पाठवतो, अर्थ ‘बदल नाही’, आणि काम संपतं.

पण वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेल्या यंत्राचं काय? तिथे नोंदवहीचा एक नियम कामी येतो, आणि माझ्या मते साऱ्या व्यवस्थेचा भार त्याच्यावरच आहे: एकदा दिलेला कोड पुसायचा नाही, आणि दुसऱ्याला द्यायचा नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरसारखं. मुलगा दाखला काढून गेला तरी त्याचा नंबर नव्या मुलाला देत नाहीत, शेरा मारतात. त्यामुळे जुनी यादी अपुरी असते, पण चुकीची ठरत नाही. दोन यंत्रांच्या याद्या वेगवेगळ्या असल्या तर नुसत्या एकत्र करायच्या; कोणती आधी आली याने फरक पडत नाही.

हा नियम कडक झाला तो ठेच लागल्यावर. सी-एस हा देशकोड चेकोस्लोव्हाकियाचा होता. तो देश १९९३ मध्ये दुभंगला आणि २००३ मध्ये तीच अक्षरं सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोला दिली गेली. म्हणजे जुन्या फाइलीत सी-एस दिसलं तर कोणता देश समजायचा? २००६ पासून आयएएनएच्या वहीत असा पुनर्वापर बंद आहे. नाव बदलतं तेव्हाही जुना कोड राहतो. हिब्रूचा आय-डब्ल्यू १९८९ मध्ये एच-ई झाला, तरी त्यानंतर जन्मलेली जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आतून आय-डब्ल्यूच वापरत राहिली. तिने सवय बदलली ती २०२१ च्या जावा १७ मध्ये.

आणखी एक हुशारी अशी की पूर्ण कोडचा कुठला तुकडा कशाचा, हे त्याच्या जागेवरून आणि लांबीवरून कळतं. सुरुवातीला दोन-तीन अक्षरं म्हणजे भाषा, पुढे चार अक्षरं म्हणजे लिपी, दोन अक्षरं किंवा तीन आकडे म्हणजे प्रदेश. यादी अजिबात नसलेलं यंत्रही ‘हा तुकडा लिपीचा दिसतो’ एवढं म्हणू शकतं, आणि अडलं तर उजवीकडून एकेक तुकडा सोडत जातं: मराठी-मोडी-भारत नाही, बरं, मराठी-मोडी, तेही नाही, बरं, मराठी.

आत्याच्या टीव्हीला ए-एच-आरमधून सोडण्यासारखा तुकडाच नव्हता. किमान ती तीन अक्षरं तरी त्याने दाखवायला हवी होती, पण कुणीतरी प्रोग्रॅमरने ‘माहीत नाही’ म्हणजे ‘अज्ञात’ असं ठरवून टाकलं होतं. अपडेट आहे का पाहिलं, ‘आपले सॉफ्टवेअर नवीनतम आहे’ असं उत्तर आलं.

आत्याने यातलं काही ऐकलं नाही. तिने रिमोट घेतला आणि नातवाला दाखवलं, “हाई ‘अज्ञात’ दाब. मंग माय बोलस.”