स्पीकर कमी पडतोय की खोली?

स्पीकरवर तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं की डग्ग्याचा एखादा घुमारा अंगावर येतो आणि त्याच घसिटीतला, म्हणजे डग्ग्यावर हात घासून काढलेल्या नादातला, पुढचा तुकडा कुठे गेला ते कळत नाही. गायक खर्जात उतरला की आवाज जाड, गढूळ होतो. कधी उलटंच होतं, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. असं झालं की मनात पहिला विचार नव्या, वरच्या दर्जाच्या स्पीकरचा येतो. माझ्याही मनात आला होता, आणि मी पैसेही बाजूला काढून ठेवले होते. खर्च करण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावायला हवा होता, तो म्हणजे हा दोष स्पीकरचा आहे की खोलीचा. कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून त्यांची गल्लत होते. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

आधी खोलीचं बघू. माझा हॉल १६ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट जाऊन परतते. काही ठरावीक सुरांना जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींत अशा मिसळतात की त्या जागच्या जागी उभ्या राहतात. माझ्या हॉलच्या लांबीत असा पहिला सूर ३५ हर्ट्झला (सेकंदाला ३५ कंपनांना) येतो आणि दुसरा ७० हर्ट्झला. आता गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, पेटीच्या काळी एकवर धरा. मधला सा साधारण १३९ हर्ट्झचा, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर त्याच्या निम्मा, ६९ हर्ट्झ. डग्ग्याचा घुमाराही यापासून फार लांब नसतो. म्हणजे माझ्या हॉलची लांबी नेमकी या गाण्याच्या पायावरच बोट ठेवून बसली आहे.

ही उभी राहिलेली लाट खोलीत सगळीकडे सारखी नसते. ७० हर्ट्झचा सूर मागच्या भिंतीला चिकटून बसलं तर सर्वांत फुगलेला ऐकू येतो, भिंतीपासून ४ फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो आणि हॉलच्या मध्यावर पुन्हा वर येतो. आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकूनच ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे ऐकणारा नेमका फुगवट्यात बसतो. स्पीकर पाच हजारांचा असो की पाच लाखांचा, ही लाट तशीच उभी राहणार. लहान खोल्यांत साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचाच शब्द चालतो. त्याच्या वर मात्र स्पीकरचा स्वभाव ओळखू येतो.

स्पीकरच्या दोषांचा चेहरा यापेक्षा वेगळा असतो. ते एखाद्याच सुराला धरून बसत नाहीत आणि तुम्ही जागा बदलली म्हणून जात नाहीत. व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, घासत असेल तर आवाज वाढवला की खरखर येते. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, गेला असेल तर तबल्याच्या चाटेवरच्या (कडेवरच्या) बोलांची धार त्या बाजूने बोथट होते. आपल्या किनारपट्टीवर, मुंबईपासून गोव्यापर्यंत, जुन्या वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कोनाभोवतीची, म्हणजे शंकूसारख्या पडद्याभोवतीची, फोमची कड दमट हवेत चुरा होऊन गळते. रबराची कड बरीच जास्त टिकते. जाळी काढून बोटाने हलकेच चाचपलं तर हे लगेच समजतं. फोमची कड बदलून मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा. त्यासाठी अख्खा जोड टाकून देऊ नका, फार वाईट वाटतं असं ऐकलं की.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी सर्वांत आवडती चाचणी फुकटची आहे. डावा स्पीकर उजवीकडे ठेवा आणि उजवा डावीकडे. दोष स्पीकरबरोबर गेला तर तो स्पीकरचा. दोष जागेवरच राहिला तर खोलीचा, नाहीतर त्या बाजूच्या वायरचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा. त्यानंतर फोनवरून स्पीकरवर ७० हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर बेताच्या आवाजात लावा आणि खोलीभर हळूहळू फिरा. दोन पावलांवर तो गडगडला आणि आणखी दोन पावलांवर विरला, तर समोर खोलीच उभी आहे.

दोन्ही स्पीकर मुळातच सारखे कमी पडत असतील, तर अदलाबदलीने काही कळणार नाही. अशा वेळी स्पीकर भिंतींपासून दूर ओढा आणि एक मीटरवर बसून ऐका; इतक्या जवळून खोलीचा वाटा बराच घटतो. सोसायटीची गच्ची मिळत असेल तर दुपारी तिथे घेऊन जा. भिंती नसल्यामुळे खालचे सूर बारीक वाटतील, ते अपेक्षितच आहे, त्याला घाबरू नका. गाणाऱ्याचा गळा तिथेही नाकातून आल्यासारखा वाटला, तर रेकॉर्डिंग हेडफोनवरही ऐकून बघा. हेडफोनवर गळा मोकळा असेल तर दोष खरोखर स्पीकरचा.

खोलीचा दोष असताना मोठे स्पीकर आणले तर काय होतं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक जण नेमके इथे फसतात. पाच इंची वूफरचा लहान स्पीकर ३५ हर्ट्झपर्यंत फारसा उतरतच नाही, म्हणून माझ्या हॉलचा तो पहिला सूर आजवर झोपलेला आहे. उंच टॉवर स्पीकर आणले की तो जागा होईल, आणि ७० चा फुगवटा तर कायम राहीलच. दुकानात सुरेख वाजलेला जोड घरी येऊन घुमतो, कारण दुकानातली खोली त्याच्याबरोबर घरी येत नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करायच्या व्हॅनसारख्या अपुऱ्या जागांसाठी घडवला. लहान जागेला लहान स्पीकर शोभतो, हे अनुभवी लोकांनी तेव्हाच मानलं होतं.

ऐकताना डोळेही मध्ये येतात. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये छापलेल्या प्रयोगात तेच स्पीकर लोकांना पडद्याआड आणि डोळ्यांसमोर, अशा दोन्ही तऱ्हांनी ऐकवले होते. समोर दिसत असताना मोठ्या, भारी दिसणाऱ्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. म्हणून तुलना करताना घरच्या कुणाला तरी स्पीकर बदलायला सांगा आणि आपण डोळे मिटून ऐका. दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणायला विसरू नका, कारण एका डेसिबलने (आवाजाच्या पातळीच्या मापाने) मोठा वाजणारा स्पीकरही आपल्याला ‘जास्त चांगला’ वाटतो.

खोलीवरचे उपाय स्वस्त आहेत, पण तेही जपून करायचे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द घुमून एकमेकांत मिसळत, म्हणून तिथले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या आणून, किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. घुमण्याचं शास्त्र तिथून उभं राहिलं. आपल्याकडे गाद्यांना तोटा नाही. स्पीकर आणि आपण यांच्या मधल्या बाजूच्या भिंतीवर कुणालातरी आरसा सरकवायला सांगा. आरशात ट्वीटर दिसेल तिथे कापसाची गादी उभी करून बघा. टोचणारा ‘स’ बऱ्याचदा इथेच मवाळ होतो. पातळ पडदे आणि फोमच्या पातळ पट्ट्या मात्र खालच्या सुरांना अडवत नाहीत. ७० हर्ट्झची लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते, इंचभर फोम तिच्यासाठी नसल्यासारखाच. इक्वलायझरने, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, फुगवटा उतरवता येतो, पण विरलेला सूर भरून काढता येत नाही. तिथे सहा डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरला चौपट ताकद लागते आणि खड्डा तसाच राहतो.

मग वरचे स्पीकर कधी घ्यावेत? जवळून ऐकूनही गळा कोंदट लागत असेल, मोठ्या आवाजात सूर फाटत असेल, किंवा खोली मोठी आहे आणि लहान वूफर तिथे धापा टाकतोय, तेव्हा. शक्यतो दुकानदाराला विनंती करून ते दोन-तीन दिवस घरी आणा आणि रोजची, पाठ असलेली रेकॉर्डिंगं त्यावर लावा.

मी सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे आणला. घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली, कारण जाण्यायेण्याची वाट अरुंद झाली. तिसऱ्या दिवशी रात्री तबल्याचं जुनं रेकॉर्डिंग लावलं, आणि डग्ग्याची घसीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका ओघात सरकताना ऐकली. डाव्या वूफरची कड मात्र खरोखरच गळत होती. ती बदलायला टाकली आहे.