जतन केलेले जुने घर (खानदेश)

ब्रिटिश अमदानीतील (१८१८–१९४७) राहते घर दुरुस्त करून, आतल्या संसारासह पाहण्यासाठी राखलेली वास्तू. जळगावच्या जुन्या गावात चौधरी वाड्यातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे सासरचे घर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. खेड्यांतली जुनी घरे मात्र बहुधा धाब्याची, आणि जपायला सर्वांत अवघड तीच.

धाबे म्हणजे मातीचे सपाट छत. मराठवाड्यात त्याला माळवद म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (आडवी बारीक लाकडे), कड्यांवर किलचन (फळ्या-काटक्यांचा थर), त्यावर कडुनिंबाचा पाला किंवा तुराट्या आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी, खारट माती. काळी माती येथे चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि त्या भेगांतून पहिल्याच पावसात पाणी उतरते. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर नवी पांढरी माती पसरून चोपतात, पन्हळी मोकळ्या करतात, उगवलेले गवत मुळासकट उपटतात. राहून गेलेल्या मुळाच्या वाटेने पाणी कडीपर्यंत पोचते, कडी कुजते, मग वाळवी लागते. कुलूप लावून ठेवलेले धाबे दोन-तीन पावसाळ्यांतच गळू लागते. माणसांचा वावर हीच त्याची खरी राखण.

दुरुस्तीतील सर्वांत घातक चूक सिमेंटची. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि पायाकडची माती भुसभुशीत होते. योग्य गिलावा भुसा घालून मळलेल्या आणि काही दिवस मुरवलेल्या मातीचाच. धाब्यावर काँक्रीट ओतणे तर त्याहून वाईट, कारण ते वजन जुन्या तुळयांना पेलत नाही. घर पाहताना नजर आधी भिंतीच्या खालच्या हातभर भागावर आणि तुळईच्या टोकावर टाकावी. जतन नीट झाले आहे की नुसती रंगरंगोटी, ते तिथेच कळते.

पाहायला जावे ते एप्रिल-मेच्या दुपारी. बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो. जाड भिंती आणि मातीचे छत ती उष्णता लगेच आत येऊ देत नाहीत, आणि हा गारवा फोटोत मावत नाही. चौकट ठेंगणी असते, वाकून आत शिरावे. डोळे अंधाराला सरावले की कोनाडे, चूल, उखळ आणि भिंतीतले धान्याचे बळद दिसू लागते. छतातल्या भोकातून उजेड येतो, धूर जातो. पावसात त्यावर मडके पालथे घालत. मंगलोरी कौले किंवा पत्रा दिसला तर तो भाग बहुधा रेल्वे आल्यानंतरचा, म्हणजे १८६० नंतरचा.

चपला ओट्याखाली काढाव्यात. सारवण ओले असेल तर थांबावे. भिंतीला टेकू नये, पावसाळ्यात धाब्यावर चढू नये. जाते रिकामे फिरवू नये: मध्ये दाणा नसला की दगडावर दगड घासतो आणि टाकी (दगडावर ठोकलेल्या खाचा) झिजते.