दस्ता घासण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, शेतराखणीसाठी परवान्याची दुनळी बंदूक बाळगणारी घरं अजून आहेत. रानडुकरं रताळ्यात किंवा भातात उतरली की हवेत एक बार काढून त्यांना हुसकावायचं, एवढाच तिचा उपयोग. आज्ज्याच्या नावावरची बंदूक रीतसर बापाच्या नावावर होते, नळ्यांना वेळच्या वेळी तेल लागतं, पण लाकडी दस्त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तो काळवंडतो, मुठीपाशी चिकट होतो, त्याला जागोजागी पोचे पडतात. मग कधीतरी तो 'नवा' करायचं ठरतं आणि सगळ्यात आधी पॉलिश पेपर बाहेर निघतो. नुकसान तिथंच सुरू होतं. जुन्या दस्त्याची बरीचशी दुखणी वाफेनं आणि तेल ओढून घेतल्यानं बरी होतात. घासून गेलेलं लाकूड मात्र परत येत नाही.

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानंच करायची असते. त्यामुळे दस्ता उतरवणं हे त्याचंच काम. पण काय करायचं आणि काय नाही, हे मालकाला सांगता यायला हवं.

चांगल्या बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. हे लाकूड घनमीटरला साधारण 640 किलो भरतं, सहसा चिरत नाही आणि मुठीवरची बारीक जाळीची नक्षी नीट धरतं. आपल्याकडे जुने दस्ते बदलून शिसवीचे बसवलेलेही दिसतात. शिसव देखणी, पण बरीच जड.

धक्का किती बसतो ते पाहू. बारा बोअरच्या काडतुसातले 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला 370 मीटर वेगानं सुटले, तर सव्वातीन किलोची बंदूक सेकंदाला साडेतीन मीटरहून जास्त वेगानं मागं येते. जळलेल्या दारूच्या वायूचा हिशोब यात धरलेला नाही, तो धरला तर वेग आणखी वाढतो. हा सगळा धक्का लोखंडाकडून लाकडाकडे जातो तो बोटभर रुंदीच्या जागेतून, दस्त्याच्या पुढच्या टोकाशी. तिथं लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. बंदूक कोपऱ्यात तोंड वर करून उभी ठेवली, की यंत्राला, म्हणजे घोडा-चापाच्या भागाला, घातलेलं खनिज तेल वर्षानुवर्षं त्या तोंडांतून आत मुरतं. तेलकट लाकूड मऊ पडतं, प्रत्येक बारागणिक थोडं दबतं, आणि शेवटी मुठीच्या दिशेनं चीर जाते. दस्त्याचं पुढचं टोक काळं दिसत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. वरून कितीही घासलं तरी तो काळेपणा जात नाही, कारण तो खोलवर गेलेला असतो.

त्यावर उपाय सोपा आहे, फक्त सवड काढावी लागते. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिथं जाड लेप द्यायचा. ॲसिटोन आत शिरून तेल विरघळवतं, उडून जाताना ते पृष्ठभागावर आणतं आणि पूड ते शोषून घेते. वाळलेला लेप पिवळा-तपकिरी होतो. तो झटकून पुन्हा नवा लावायचा, पूड पांढरी राहीपर्यंत. हे काम उघड्यावर करावं, आसपास चूल किंवा विडी नको.

पोचे काढणं हा मला यातला सगळ्यात आनंदाचा भाग वाटतो. पोचा पडतो तेव्हा लाकडाच्या पेशी चेपतात, तुटत नाहीत. पेशींना ताठ ठेवणारं लिग्निन ओलाव्यात आणि उष्णतेत मऊ होतं. सुती कापड भिजवून पोच्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवायची. वाफ आत शिरते, चेपलेल्या पेशी फुगतात, आणि खड्डा डोळ्यांदेखत वर येतो. दोन-तीनदा केलं तर बोटाला जागाही सापडत नाही. तंतू कापलेच गेले असतील, तर मात्र वाफ काही करू शकत नाही.

आता पावसाचं पाहू. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता 90 टक्के राहिली तर लाकडातला ओलावा 20 टक्क्यांपर्यंत चढतो, 30 टक्क्यांच्या कोरड्या हवेत तो 6 टक्क्यांपर्यंत उतरतो. अक्रोड लांबीला जवळजवळ बदलत नाही, पण आडवं, ओलाव्याच्या दर टक्क्यामागं साधारण पाव टक्का फुगतं. ओलावा 8 टक्क्यांनी वाढला, तर 45 मिलिमीटर रुंद दस्ता जवळपास एक मिलिमीटरनं रुंदावतो. श्रावणात यंत्र आवळल्यासारखं वाटतं आणि चैत्रात स्क्रू सैल होतात, ते यामुळंच. त्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली, की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. कर्नाटकातल्या 2018 आणि 2023 च्या विधानसभेचं आणि 2024 च्या लोकसभेचं मतदान एप्रिल-मे महिन्यांतच झालं, म्हणजे बंदूक घरी येते ती ऐन पावसाच्या तोंडावर. तेव्हा लगेच पॉलिशला काढू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हे काम धरावं.

आकार बदलण्याचा प्रश्न नाजूक आहे. दुनळीला मागची माशी नसते. नेम धरणाऱ्याचा डोळाच ते काम करतो, आणि गाल टेकतो ती कड त्या डोळ्याची उंची ठरवते. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत 95 सेंटिमीटर अंतर धरलं, तर ही कड 3 मिलिमीटर घासल्यावर 35 मीटरवर मारा 11 सेंटिमीटर खाली जातो. म्हणून कानस एकदम लावू नये, थोडं काढून खांद्याला लावून पाहावं. ठेंगण्या माणसाला दस्ता लांब होत असेल तर मागचं टोक कापता येतं. मूठ मात्र बारीक करू नये. तिथं दस्ता सगळ्यात निमुळता असतो, आणि लाकडाच्या रेषा तिरप्या असतील तर लाकूड त्याच रेषेत तुटतं. दस्ता थोडा डावी-उजवीकडे वळवायचा झाल्यास जुने कारागीर मुठीवर कढत जवसाचं तेल ओतून लाकूड मऊ करतात, शिकंज्यात वाकवतात आणि थंड होऊ देतात. इथंही काम करतं ते लिग्निनच, आणि लाकूड जराही कापावं लागत नाही.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. घरात खोबरेल किंवा शेंगतेल हाताशी असतं म्हणून तेच चोळलं जातं आणि दस्ता कायमचा चिकट होतो. हवेतला ऑक्सिजन घेऊन तेलाचे रेणू एकमेकांत गुंतले तर तेल 'वाळतं', आणि त्यासाठी रेणूंत दुहेरी बंध हवेत. ते मोजणारा आयोडीन अंक खोबरेलात 10 च्या आसपास, शेंगतेलात 90 च्या आसपास, तर जवसात 170 च्या वर असतो. आपण ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातो, त्याच्याच तेलाचा हा गुण. घाण्यावरचं कच्चं तेल वाळायला अनेक दिवस घेतं. पेंटच्या दुकानातल्या तेलात वाळवणारे धातूचे क्षार असतात, ते लवकर वाळतं. दस्ता शिसवीचा असेल तर त्या लाकडातली द्रव्यं तेल वाळूच देत नाहीत. तिथं आधी चपडा लाखेचा पातळ हात द्यावा. अक्रोडावर तेल अगदी थोडं घेऊन तळव्यानं चोळावं, जास्तीचं पुसून टाकावं, पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा हात देऊ नये. खांद्याकडची पट्टी काढून आतल्या उघड्या तोंडांनाही तेल पाजावं, पावसाळ्यात ओल तिथूनच आत जाते.

पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती कोंडली की काडी न लावता चिंधी पेटते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात, किंवा अंगणात एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात.