कीवर्ड टॅग भरून गूगलमध्ये वर येता येत नाही

‘मेटा कीवर्ड्समध्ये पन्नास शब्द भरा, साइट पहिल्या पानावर येईल’ हा सल्ला आजही दिला जातो, आणि छोटे व्यावसायिक त्यासाठी पैसेही मोजतात. तो चुकीचा आहे. मेटा टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधयंत्रांसाठी लिहिलेली माहिती; मेटा कीवर्ड्स हा त्यातलाच एक, पानाचे विषय-शब्द सांगणारा टॅग. वेब-शोधातला क्रम ठरवताना आपण हा टॅग वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

समज आला कुठून? १९९० च्या दशकात इन्फोसीक, अल्टाव्हिस्टा यांसारखी शोधयंत्रं हा टॅग वाचत. पण तो वाचकाला दिसत नाही, त्यामुळे पानाशी संबंध नसलेले शब्दही लोक त्यात कोंबू लागले आणि त्याच्यावरचा भरवसा उडाला.

मग सगळेच मेटा टॅग निरुपयोगी का? अजिबात नाही. पानाचं थोडक्यात वर्णन देणाऱ्या डिस्क्रिप्शन टॅगमुळे क्रम बदलत नाही, पण निकालात शीर्षकाखाली दिसणारा मजकूर गूगल बऱ्याचदा तिथून उचलतं. तो वाचूनच माणूस क्लिक करायचं की नाही ते ठरवतो. म्हणून प्रत्येक पानासाठी तो वेगळा आणि खरा लिहा. टायटल हा तांत्रिकदृष्ट्या मेटा टॅग नाही, पण क्रमासाठी तो खरोखर विचारात घेतला जातो.

सगळ्यात जपायचा तो शोधयंत्रांना सूचना देणारा रोबोट्स टॅग. साइट तयार होत असताना त्यात टाकलेला ‘नोइंडेक्स’ (noindex, म्हणजे ‘हे पान निकालांत दाखवू नका’) नंतर काढायचा राहिला, तर पान निकालांतून पूर्ण गायब होतं. साइट दिसत नसेल तर कीवर्ड वाढवण्याआधी पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून हा एक शब्द शोधा.