किण्वन कपाट (जुन्या फ्रिजपासून केलेले)

जुन्या घरगुती फ्रिजला बाहेरून तापमान नियंत्रक जोडून आतले आंबणारे पीठ किंवा द्रव ठरावीक तापमानावर धरून ठेवण्यासाठी केलेले कपाट. त्यास फर्मेंटेशन चेंबर असेही म्हणतात. घरी बिअर बनवणाऱ्यांनी, विशेषतः इंग्लंड-अमेरिकेत, ही पद्धत रूढ केली. तेथे घरगुती बिअरला कायद्याची मोकळीक आहे : ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याची अट उठली, तर अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने ती करमुक्त झाली. महाराष्ट्रात तशी मोकळीक नाही (खाली ‘कायदा’ हा भाग पाहावा). त्यामुळे ठाणे व नवी मुंबई परिसरापुरता या कपाटाचा विचार इडली-डोशाचे पीठ, दही, कोंबुचा (आंबवलेला चहा), टेम्पे (बुरशीने आंबवलेले सोयाबीन), आंबवलेल्या भाज्या, पावाचे आंबवण आणि चीज मुरवणे यांच्या अंगाने करावा लागतो.

हवामान : ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीचे मुख यांच्यामुळे या पट्ट्यातील हवा वर्षातील बराच काळ दमट असते. मे महिन्यात दुपारी पारा ३३-३५ अंश सेल्सिअसवर असतो आणि रात्रीही घराच्या भिंती तापलेल्याच राहतात. पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात जाते. भांड्याला ओले फडके गुंडाळून पंख्याखाली ठेवण्याची पद्धत अनेक मार्गदर्शिकांत सुचवलेली आढळते. मात्र ती कोरड्या प्रदेशातील आहे. बाष्पीभवनाने भांडे फार तर हवेच्या आर्द्रकंद तापमानापर्यंत (ओले फडके गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्या तापमानापर्यंत) उतरते. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असली, तर ही मर्यादा २२-२३ अंशांच्या आसपास येते. ठाण्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ती सुमारे २८ अंश भरते. म्हणजे विदर्भात कुलर आणि माठ जे काम करतात, ते खाडीकाठी होत नाही. येथे थंडावा हवा असेल तर कॉम्प्रेसर लागतो. या परिसरात कपाटाची गरज मुख्यतः यामुळेच निर्माण होते, आणि परदेशी लेखनात हा मुद्दा सहसा येत नाही.

इतिहास : उगमाविषयी दोन मते आहेत. पहिले मत त्याचा माग बिअरच्या तळघरापर्यंत नेते. बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई झाली, कारण उन्हाळ्यातील बिअर नासत असे. पुढे हिवाळ्यात तोडलेला बर्फ तळघरात भरून ठेवण्याची रीत पडली. यांत्रिक थंडाव्याचा पहिला मान कोणाचा, यावर एकमत नाही. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन यांनी १८५० च्या दशकात ईथरवर चालणारे यंत्र बनवले आणि ते तेथील एका बिअर कारखान्यासाठी वापरले गेल्याचे सांगतात. कार्ल फोन लिंडे यांचे यंत्र म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात १८७० च्या दशकात, बहुधा १८७३ च्या सुमारास बसले. त्यांनी लवकरच अमोनियावर चालणारे यंत्र तयार केले आणि त्याचा प्रसार झाला. प्राधान्याचा वाद बाजूला ठेवला, तरी आजच्या फ्रिजच्या जडणघडणीशी लिंडे यांचे काम अधिक जवळचे दिसते. भारतात हाच प्रश्न डोंगर चढून सोडवला गेला. कसौली येथील बिअर कारखाना १८२० च्या दशकातला की १८५५ चा, याबद्दल संदर्भग्रंथांत फरक आढळतो (१८५५ कडे कल ठेवणे सुरक्षित वाटते). रावळपिंडीजवळचा (आता पाकिस्तानात) मरी येथील कारखाना १८६० चा. दोन्ही ठिकाणी निवड झाली ती थंड हवेची.

दुसरे मत कपाटाला प्रयोगशाळेतील उष्मायन पेटीचे, म्हणजे इन्क्युबेटरचे वारस मानते. सांडपाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे त्यातील घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते, मोजण्यासाठी नमुना काही दिवस एकाच तापमानावर ठेवावा लागतो. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात त्यासाठी पाच दिवस आणि ६५ अंश फॅरनहाइट (सुमारे १८ अंश से.) असे प्रमाण ठेवले, पुढे ते २० अंश से. झाले. उष्ण देशात खोलीच त्याहून गरम असते, म्हणून बीओडी इन्क्युबेटरमध्ये तापक आणि कॉम्प्रेसर दोन्ही बसवावे लागतात. भारतीय मानकाने (आयएस ३०२५, भाग ४४, १९९३) २७ अंशांवर तीन दिवस ही पद्धत स्वीकारली, तरी पेटीची रचना बदलली नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रसायन आणि औषध कारखान्यांच्या सांडपाण्याची तपासणी हा रोजचा व्यवहार आहे, त्यामुळे ही पेटी येथील प्रयोगशाळा साहाय्यकांच्या ओळखीची आहे. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या मताकडे झुकते. तळघर अख्खी खोली थंड करते. इन्क्युबेटर मात्र एका बंद पेटीत, एकाच संवेदकाच्या (सेन्सरच्या) हुकमाने, कधी तापवतो तर कधी थंड करतो, आणि जुन्या फ्रिजचे कपाट नेमके हेच करते.

रचना : घरगुती फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट २ ते ८ अंशांसाठी असतो. त्याची चकती कमीत कमी थंडाव्यावर नेली, तरी आतली हवा १८-२० अंशांवर थांबत नाही. म्हणून ही चकती सर्वांत थंड खुणेवर ठेवून द्यायची आणि फ्रिजचा वीजपुरवठा बाहेरच्या नियंत्रकातून द्यायचा. एसटीसी-१००० या प्रकारचे चिनी बनावटीचे नियंत्रक यासाठी सर्रास वापरले जातात. त्यात दोन रिले (वीज आपोआप जोडणारे-तोडणारे खटके) असतात, एक थंडाव्याचा आणि एक तापकाचा. चार गोष्टी ठरवून द्याव्या लागतात : अपेक्षित तापमान, त्यापासूनची मुभा, कॉम्प्रेसरची विश्रांती आणि संवेदकाच्या मापातील चुकीची दुरुस्ती.

यातील विश्रांती सर्वांत महत्त्वाची. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर उच्च व नीच दाबाच्या बाजू केशनळीतून (मेकॅनिकच्या भाषेत कॅपिलरी) समान होण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधी पुन्हा वीज मिळाली, तर मोटर दाबाविरुद्ध फिरू शकत नाही. ती गुरगुरते, ओव्हरलोड (मोटर वाचवणारा आपोआप चालणारा खटका) टक् असा आवाज करून तुटतो, थोड्या वेळाने पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो. असे वारंवार झाल्यास गुंडाळी जळते. विश्रांती किमान पाच मिनिटे ठेवावी. वीज जाऊन लगेच परत येण्याचे प्रसंग पावसाळ्यात नेहमीचे असल्याने या भागात ती दहा मिनिटे ठेवणेच बरे.

दुसरा कळीचा मुद्दा संवेदकाच्या जागेचा. तो हवेत लटकता ठेवला, तर नियंत्रक हवेचे तापमान राखतो आणि भांड्यातला द्रव मनाप्रमाणे तापतो. यीस्ट साखर आंबवते तेव्हा दर किलो साखरेमागे साधारण ५८० किलोजूल उष्णता बाहेर पडते. वीस लिटर द्रवात दोन किलो साखर असेल आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर तापमान १३-१४ अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता निसटते, तरी जोमाने आंबताना द्रव हवेपेक्षा तीन-चार अंश गरम असणे सामान्य आहे. म्हणून संवेदक भांड्याच्या भिंतीला, द्रवाच्या मध्यावर, चिकटपट्टीने लावतात आणि त्यावर फोमचा किंवा घडी केलेल्या फडक्याचा जाड तुकडा बसवतात, म्हणजे त्याला बाहेरची हवा लागत नाही आणि आतले भांडे तेवढे कळते. मुभा अर्ध्या ते एका अंशाची पुरते. त्याहून बारीक ठेवल्यास कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होत राहतो आणि पदरात काही पडत नाही.

एकदाराचा, डायरेक्ट कूल प्रकारचा फ्रिज या कामास उत्तम. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा टायमर आणि तापक असतो. बाहेरून वीज तुटत राहिली की टायमरचे चक्र विस्कटते आणि थंडावा हवा तेव्हाच तापक सुरू होण्याचा संभव राहतो. थंडाव्याच्या रिलेइतका तापकाचा रिले येथे उपयोगी पडत नाही. दही (४२ अंशांच्या आसपास) लावताना किंवा येऊरच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पीठ फुगवताना डब्यात झाकलेला ४० वॅटचा बल्ब भागवतो. विजेचा खर्च नेहमीच्या फ्रिजहून कमी येतो. बाहेर ३० अंश असताना आत ४ राखण्यासाठी २६ अंशांचा फरक सांभाळावा लागतो, तर २० राखण्यासाठी दहाच अंशांचा.

दोन किलो साखर पूर्ण आंबली तर सुमारे एक किलो कर्बद्विवायू निघतो. खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान पाचशे लिटरांहून अधिक भरते, म्हणजे १६५ लिटरच्या फ्रिजच्या तिप्पट. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. भांड्यातून वायू नेणारी नळी फ्रिजच्या मागच्या पाणी निचऱ्याच्या छिद्रातून बाहेर काढावी, खोलीत हवा खेळती ठेवावी, आणि दार उघडल्याबरोबर आत डोके घालू नये.

इडलीच्या पिठात प्रथम ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू वायू तयार करून पीठ फुगवतो, मग आम्ल वाढवणारे जिवाणू वरचढ होतात. मे महिन्यात दोन्ही टप्पे घाईने उरकतात आणि सकाळपर्यंत पीठ आंबट होते. २६-२८ अंशांवर ठेवल्यास रात्रभराचा हिशेब जमतो. टेम्पे ३०-३२ अंशांवर लावतात, पण बुरशी वाढू लागल्यावर ती स्वतःच तापते आणि पुढचे काम थंडावा देण्याचे उरते. कोंबुचाला २४-२९ अंश चालतात. चीज मुरवण्यास १०-१३ अंश आणि भरपूर ओलावा लागतो.

कपाट कोमट राहते, त्यामुळे बुरशी हा नित्याचा त्रास. दाराच्या रबराच्या घड्यांत काळे ठिपके दिसू लागतात. व्हिनेगरने पुसणे, रबर कोरडे ठेवणे आणि वापर नसताना दार फटभर उघडे ठेवणे हे उपाय आहेत. घरात लहान मुले असल्यास दार खाचेत काही अडकवून बंदच होणार नाही असे करावे.

कायदा : महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मादक पेय तयार करणे गुन्हा आहे, आणि त्यासाठीची साधने बाळगणेही. परवाने राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. घरगुती वापरासाठी म्हणून बिअर किंवा वाइन बनवण्यास वेगळी सूट नाही. ८-१३ अंशांची लागर आणि १८-२२ अंशांची एल या बिअरच्या प्रकारांविषयीचे विपुल परदेशी लेखन येथे तापमान नियंत्रणाच्या अभ्यासापुरते वाचावे.

शीतक (फ्रिजच्या नळ्यांतून फिरून थंडावा देणारा वायू) : भारतात नव्या फ्रिजमध्ये सीएफसी-१२ वापरण्यास १ जानेवारी २००३ पासून बंदी आली, त्यानंतरचे फ्रिज एचएफसी-१३४ए किंवा आयसोब्युटेन (आर-६००ए) यांवर चालतात. आयसोब्युटेन ज्वलनशील आहे. कोणता वायू भरला आहे हे कॉम्प्रेसरवरील पट्टीवर लिहिलेले असते. अलीकडच्या फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्याखाली दडलेल्या असतात, त्यामुळे तारेसाठी भिंतीला भोक पाडू नये; संवेदकाची बारीक तार दाराच्या रबराखालून सहज जाते. तीन पिनांचे प्लग आणि चालू स्थितीतले अर्थिंग आवश्यक आहे. कॉम्प्रेसर निकामी झाल्यावर कपाट भंगारात तसेच देऊ नये, कारण नळी कापली की वायू हवेत जातो, आणि सीएफसी-१२ असेल तर तो ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ खाली फ्रिज येतो. तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा.